सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मोठ्या माणसांची हाडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्या धाकट्या भावाला सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे सीएफ, आहे. त्यामुळे गावातली आणि आजूबाजूची, देवास-उज्जैनकडची सीएफची मराठी घरे कधी ना कधी मला फोन करतात. विचारणे बहुतेक फुप्फुसांविषयी असते, मग जेवणासोबत घ्यायच्या पाचक एन्झाइमच्या कॅप्सूलविषयी, मग वजनाविषयी. हाडांचा विषय निघतो तो काहीतरी मोडल्यावरच. तो आधी निघावा म्हणून हे लिहिले आहे. औषधांचे निर्णय अर्थात तुमच्या डॉक्टरांचेच, पण त्यांना काय विचारायचे ते आपल्याला ठाऊक असायला हवे.

सीएफ हा फुप्फुसांचा आणि पोटाचा आजार. हाडांचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध एकच नाही, अनेक आहेत, आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. सीएफच्या बहुतेक रुग्णांचे स्वादुपिंड पाचकरस आतड्यात सोडू शकत नाही. त्यामुळे स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत आणि त्यांच्यासोबत शोषली जाणारी ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वे निघून जातात. यातली डी आणि के हाडांच्या कामाची आहेत. दुसरे म्हणजे वजन. अंगावर मांस कमी तर हाडावर ताण कमी, आणि ताण नसलेले हाड भरत नाही. तिसरे कारण छातीतला कायमचा जंतुसंसर्ग. त्याच्याशी लढताना शरीरात दाह पेटलेला राहतो आणि त्या दाहातली रसायने हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात. त्यात स्टेरॉइड, उशिरा आलेले वयात येणे, सीएफमुळे होणारा मधुमेह आणि आजारपणात अंथरुणाला खिळून गेलेले आठवडे यांची भर पडते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ज्या सीएफटीआर प्रथिनात बिघाड झाल्यामुळे हा आजार होतो, ते हाडे बांधणाऱ्या पेशींमध्येही असते. म्हणजे खाणेपिणे व्यवस्थित असले, वजन चांगले असले, तरी सीएफच्या माणसाची हाडे थोडी मागे राहू शकतात. म्हणून "आमचा मुलगा खातो-पितो चांगला, त्याला कशाला तपासणी" हे म्हणणे पुरेसे नाही.

पूर्वी कोणी हाडांचे बोलत नव्हते. आता का?

कारण पूर्वी सीएफची मुले मोठी होतच नव्हती. १९३८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचे नीट वर्णन केले तेव्हा बहुतेक रुग्ण अगदी लहानपणीच जात असत. भारतात १९६८ च्या सुमारास पहिल्या रुग्णांची नोंद झाली आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे "हा गोऱ्या लोकांचा आजार" असेच शिकवले जाई. आता आपल्याकडेही विशीतले, तिशीतले रुग्ण आहेत. हाडे सर्वाधिक भरतात ती साधारण विशीच्या अखेरीपर्यंत; पुढे आहे ते टिकवायचे असते. सीएफमध्ये भरण्याची वर्षेच आजारपणात जातात आणि हिशेब तिशीत समोर येतो.

समजा हाडे थोडी ठिसूळ झाली, तर एवढे काय? फुप्फुसे सांभाळू की हाडे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि याचेच उत्तर मला सगळ्यात जास्त कळकळीने द्यावेसे वाटते. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

सीएफमध्ये मोडणारी हाडे म्हणजे मुख्यतः बरगड्या आणि पाठीचे मणके. जोराच्या खोकल्याने बरगडीला तडा जाऊ शकतो. निरोगी माणसाला बरगडीचा तडा म्हणजे काही आठवडे दुखणे, एवढेच. सीएफच्या माणसाला मात्र त्या दुखण्यामुळे खोकता येत नाही, दीर्घ श्वास घेता येत नाही, कफ सुटावा म्हणून द्यायच्या थापा छातीवर घेता येत नाहीत. कफ आत साठतो, जंतू वाढतात आणि जी फुप्फुसे आपण वर्षानुवर्षे सांभाळली ती थोड्याच दिवसांत घसरतात. मणका दबला तर पाठीला पोक येते, छातीचा पिंजरा पुढे झुकतो आणि फुप्फुसांना फुलायला जागा कमी पडते. मणका गुपचूपही दबतो. सगळेच मणके दुखत नाहीत.

माझ्या भावाची बरगडी खोकल्याने तडकली होती. तेव्हा सगळ्यांचे लक्ष नव्या अँटिबायोटिककडे होते, पण त्या महिन्यात खरा अडथळा दुखण्याचा होता. दुखणे पुरेसे कमी केल्यावर तो खोकू लागला आणि मग बाकीचे उपचार लागू पडले.

बरगडीत तडा गेल्याची शंका आली तर काय करायचे?

आधी एक महत्त्वाची गोष्ट. छातीत अचानक कळ आली आणि सोबत धाप लागली, तर बरगडी असेल म्हणून घरी थांबू नका. सीएफमध्ये फुप्फुसाला छिद्र पडून बाहेर हवा साठण्याचा धोका असतो आणि ती तातडीची अवस्था आहे. रात्र असली तरी सरळ इमर्जन्सीत जा.

ते नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर दोन कामे राहतात. पहिले, दुखणे एवढे तरी कमी व्हायला हवे की खोकता येईल; सोसत बसणे हा इथे गुण नाही. दुसरे, कफ काढणे थांबवायचे नाही, पद्धत बदलायची. दुखऱ्या जागेवर थापा नकोत. त्याऐवजी श्वासाचे व्यायाम, पेपचे (फुंकताना अडथळा देऊन कफ सोडवणारे) उपकरण, खोकताना त्या बाजूला उशी घट्ट धरणे. फिजिओथेरपिस्टकडून हे शिकून घ्या. आणि बरे झाल्यावर हाडांची तपासणी करा, कारण मामुली कारणाने मोडलेले हाड ही शरीराने दिलेली सूचनाच असते.

कोणती तपासणी करायची?

डेक्सा. कंबरेचे मणके आणि खुबा यांच्या हाडांची घनता मोजणारी ही तपासणी आहे. टेबलावर पंधरा-वीस मिनिटे पडून राहायचे, इंजेक्शन नाही, बोगद्यासारख्या यंत्रात शिरणे नाही. किरणांची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी असते. गरोदरपणात मात्र करत नाहीत.

जोडीला पाठीच्या कण्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, किंवा डेक्साच्याच यंत्रावर मणक्यांची बाजूची प्रतिमा मागावी. दबलेला मणका घनतेच्या आकड्यात दिसेलच असे नाही. उलट दबलेल्या मणक्याची घनता जास्त भासून आकडा फसवा चांगला येऊ शकतो.

किती वर्षांनी?

सीएफ असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाची निदान एक डेक्सा झालेली असावी. अमेरिकेच्या २००५ च्या आणि युरोपच्या २०११ च्या शिफारशी यावर एकमताने बोलतात. ती आधारभूत नोंद. पुढचे अंतर रिपोर्टवरच्या स्कोअरच्या आकड्यावर ठरते (स्कोअर म्हणजे काय ते खाली आहे). −१ च्या वर असेल तर साधारण पाच वर्षांनी. त्याखाली असेल तर दोन ते चार वर्षांत. −२ किंवा −२.५ च्याही खाली असेल, लांबलचक स्टेरॉइड चालू असेल, हाड मोडले असेल किंवा फुप्फुस प्रत्यारोपणाची बोलणी चालू असतील, तर दरवर्षी.

कॉलनीत औषध कंपनीच्या शिबिरात टाच यंत्रात ठेवून हाडे तपासली. तो रिपोर्ट चालेल?

नाही. ते अल्ट्रासाउंडचे यंत्र असते. सीएफमध्ये त्या आकड्यावर उपचार सुरूही करू नयेत आणि निर्धास्तही होऊ नये.

रिपोर्टवर टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर असे दोन आकडे आहेत. कोणता पाहायचा?

पन्नाशीच्या आतल्या पुरुषांसाठी आणि पाळी चालू असलेल्या बायकांसाठी झेड-स्कोअर. तो तुमच्याच वयाच्या निरोगी माणसांशी तुमची तुलना करतो. टी-स्कोअर ऐन तारुण्यातल्या निरोगी हाडांशी तुलना करतो आणि तो मुख्यतः पन्नाशीनंतरच्या किंवा पाळी गेलेल्यांच्या कामाचा.

हे सांगायचे कारण असे की कित्येक केंद्रांत यंत्र आपोआप टी-स्कोअर छापते आणि त्यापुढे "ऑस्टिओपोरोसिस" असा शब्दही येतो. पंचवीस वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर तो शब्द आला की घरात रडारड होते, लग्नाच्या बोलण्यांपर्यंत विषय जातो. तरुण माणसाला केवळ आकड्यावरून ऑस्टिओपोरोसिस म्हणत नाहीत. झेड-स्कोअर −२ किंवा त्याखाली असेल तर "वयाच्या मानाने अपेक्षेपेक्षा कमी घनता" असे म्हणतात. आकडा कमी असून शिवाय साध्या कारणाने हाड मोडले असेल, तर गोष्ट गंभीर.

उंची आणि चण यांचाही हिशेब करावा लागतो. डेक्सा हाडाची जाडी मोजत नाही, सपाट क्षेत्रफळावरून घनता काढते. म्हणून बुटक्या आणि बारीक चणीच्या माणसाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. सीएफमध्ये बरेच जण तसेच असतात. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना उंची-वजन सांगा आणि चणीचा विचार केला आहे का, ते विचारा.

तपासणीला जाताना काय लक्षात ठेवायचे?

दर वेळी त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर जा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकदा पलासियाला आणि पुढच्या वेळी स्वस्त मिळते म्हणून दुसरीकडे, असे केले तर हाडे घटली की यंत्र बदलले हेच कळणार नाही. यंत्र कोणत्या कंपनीचे ते रिपोर्टवर असते, लिहून ठेवा.

आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका. नुकतेच बेरियम पिऊन काढलेले एक्स-रे किंवा रंगद्रव्याचे इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर तसे सांगा आणि तारीख पुढे घ्या. धातूची बटणे, हुक, चेन नको.

रक्ताच्या कोणत्या तपासण्या?

वर्षातून एकदा २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज. डॉक्टरांना गरज वाटली तर पॅराथायरॉइड हार्मोन आणि मॅग्नेशियम. रक्त गोठण्याचा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, हा के जीवनसत्त्वाचा ढोबळ अंदाज देतो.

लॅबमध्ये डी जीवनसत्त्वाच्या दोन तपासण्या असतात. आपल्याला हवी ती "२५-हायड्रॉक्सी". "१,२५-डायहायड्रॉक्सी" महाग असते आणि साठा किती आहे ते तिच्यावरून कळत नाही. एककही पाहा: काही ठिकाणी नॅनोग्रॅममध्ये लिहितात, काही ठिकाणी नॅनोमोलमध्ये. मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅम म्हणजे लिटरमागे ७५ नॅनोमोल.

इंदूरला एवढे ऊन! आमच्याकडे डी कमी कसे असेल?

कर्कवृत्त उज्जैनच्या पुढून जाते, म्हणजे आपण उष्ण कटिबंधात आहोत. जूनमध्ये दुपारी सावली पायाशी येते. तरीही भारतात डी जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, कारण ऊन असणे वेगळे आणि ते कातडीवर पडणे वेगळे. मे महिन्यात इथे कोणी बाहेर बसत नाही आणि बसूही नये. सीएफच्या माणसाच्या घामातून तर मीठ भराभर जाते. दुचाकीवर निघालेल्या मुली डोळे सोडून सगळे ओढणीने झाकतात. सावळ्या त्वचेला तेवढेच डी बनवायला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात चार महिने ढग.

सीएफमध्ये याच्या भरीला पोटातून कमी शोषण, चरबीचा साठा कमी आणि काही औषधे. टीबीच्या उपचारातले रिफॅम्पिसिन शरीरातले डी लवकर संपवते. आपल्याकडे सीएफ ओळखू येण्याआधी टीबी समजून औषधे घेतलेले बरेच जण आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. काही बुरशीरोधक औषधांमुळे ऊन सहन होत नाही, त्वचा भाजते. अशा वेळी "जरा उन्हात बसत जा" हा सल्ला उलटतो.

हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, गच्चीवर हातपाय उघडे टाकून थोडा वेळ बसणे चांगलेच. पण सीएफमध्ये फक्त उन्हावर विसंबू नये. डी-३ तोंडावाटे घ्यावेच लागते.

डीची साठ हजारची पुडी घेतो. पुरे ना?

पुरे की नाही हे रक्त सांगेल. दुकानात सहज मिळणारी ६०,००० युनिटची पुडी काही आठवडे आठवड्याला एक आणि नंतर महिन्याला एक, अशी सर्वसाधारण माणसाला देतात. सीएफमध्ये पुष्कळदा तेवढी मात्रा अपुरी पडते. निदान ३० नॅनोग्रॅमच्या वर पातळी असावी, असे अमेरिकेच्या सीएफ शिफारशी सांगतात. मात्रा बदलल्यावर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

घेण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. रिकाम्या पोटी पाण्यात टाकून घेतलेली पुडी वाया जाते. साय असलेले दूध किंवा तुपाचे जेवण, आणि त्याच्यासोबत एन्झाइमची कॅप्सूल. हे एवढे केल्याने पातळी वर आलेली मी पाहिली आहे.

उलट बाजूही सांगते. सहा लाख युनिटचे इंजेक्शन एकामागून एक टोचून घेणारे लोकही आहेत. डी चरबीत साठते, लघवीतून सहज जात नाही. जास्त झाले तर रक्तात कॅल्शियम वाढते, मळमळ होते, मूत्रपिंडांना इजा होते. मोजल्याशिवाय इंजेक्शन नाही.

कॅल्शियमसाठी काय खायचे?

निरोगी भारतीय प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्राम सांगतात; सीएफसाठी अमेरिकेच्या जुन्या शिफारशीत १३०० ते १५०० आहे. मी घरोघरी आधी हजार तरी होतात का ते पाहते, आणि बहुतेकदा होत नाहीत.

इंदूरचा आपला नाश्ता पोहे-जलेबी. चवीला तोड नाही, शेवेतले मीठ सीएफवाल्याला उपयोगीच, पण त्या बशीत कॅल्शियम नावाला. उपासाची साबुदाण्याची खिचडी तशीच. म्हणून सकाळी पोह्यांबरोबर एक मोठा पेला दूध, साय न काढता. अडीचशे मिलीत साधारण ३०० मिलिग्राम कॅल्शियम मिळते. दुपारी वाटीभर घट्ट दही, रात्री पनीर किंवा पुन्हा दूध. इंदूरच्या सराफा बाजारातला भुट्ट्याचा कीस दुधात शिजवलेला असतो, तो चालतो. रबडीही चालते, सीएफवाल्याला उष्मांक हवेच असतात. मात्र साखरेचा आजार नसेल तर, आणि कॅप्सूल विसरायची नाही.

माळव्यात नाचणी रोजच्या खाण्यात नाही, पण किराणा दुकानात पीठ मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्राम कॅल्शियम असते. दुधात शिजवून त्यात तूप घालून दिली की वजनालाही बरी. राजगिऱ्याचा लाडू, तिळाची चटणी, हे अधूनमधून. दूध पचत नाही अशी तक्रार असेल तर आधी एन्झाइमची मात्रा तपासून घ्या. कितीदा दोष दुधाचा नसतो.

मग गोळी घ्यायचीच नाही का?

खाण्यातून भागत नसेल तर घ्यायची. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणासोबत, कारण त्याला आम्ल लागते. अॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरे.

दोन खबरदाऱ्या. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असताना कॅल्शियम त्याला पोटात धरून ठेवते आणि अँटिबायोटिक रक्तात पोहोचतच नाही. सिप्रो आधी घ्या, कॅल्शियम त्यानंतर निदान दोन तासांनी; कॅल्शियम आधी घेतले असेल तर सिप्रोला सहा तास थांबा. दुधाच्या पेल्याबरोबर सिप्रो गिळू नका. छातीच्या संसर्गाचा कोर्स "लागू पडला नाही" म्हणण्याआधी हे तपासा.

दुसरे, मुतखडा. सीएफमध्ये ऑक्झलेटचे खडे होण्याचा धोका जास्त असतो. खडा झाल्यावर लोक घाबरून दूधदही बंद करतात. ते चूक. जेवणासोबतचे कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधते. खडा झालेल्यांनी गोळीविषयी डॉक्टरांना विचारावे, आणि पाणी भरपूर प्यावे.

के जीवनसत्त्व?

हाडातले एक प्रथिन के असल्याशिवाय कामाला लागत नाही. लांब अँटिबायोटिक चालली की आतड्यातले के बनवणारे जंतूही मरतात. हिरड्यांतून रक्त, उगाच काळेनिळे डाग, ही त्याची लक्षणे. बाजारातल्या साध्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये के बहुतेकदा नसते, पाकीट वाचा.

स्टेरॉइडमुळे हाडे जातात म्हणतात. मग बंद करू का?

स्वतःहून कधीच नाही. अचानक थांबवल्याने जिवावर बेतू शकते. प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्राम किंवा जास्त, वर्षात तीन महिन्यांपेक्षा अधिक घेतले असेल तर हाडांची तपासणी लवकर करायची, एवढा त्याचा अर्थ. सीएफमध्ये अॅस्परजिलस बुरशीच्या अॅलर्जीसाठी असे लांब कोर्स लागतात. त्याच वेळी इट्राकोनॅझोल हे बुरशीचे औषध चालू असेल तर ओढायच्या पंपातले बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन शरीरात साठून राहते आणि गोळ्या घेतल्यासारखाच परिणाम होतो: चेहरा सुजतो, हाडे झिजतात. दोन्ही औषधे वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली असतील तर दोघांनाही दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.

आणि दम्यावर "हमखास" म्हणून मिळणाऱ्या, आत काय आहे ते न लिहिलेल्या पुड्या घरात आणू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. दोन दिवसांत मोकळे वाटते ते त्यामुळेच.

पाळीचा आणि हाडांचा संबंध आहे का? आईसमोर डॉक्टरांना विचारता येत नाही.

आहे, आणि विचारायलाच हवे. वजन फार कमी झाले की पाळी बंद होते. म्हणजे इस्ट्रोजेन घटते आणि हाडे झिजतात. तीन महिने पाळी आली नाही तर सांगा. सरकारी दवाखान्यांत "अंतरा" नावाने मोफत मिळणारे तीन महिन्यांचे गर्भनिरोधक इंजेक्शन हाडांची घनता कमी करते. हाडे आधीच नाजूक असतील तर दुसरा उपाय निवडावा. डॉक्टरांशी एकटीने बोलायचे असेल तर तसे सांगा. वयाने मोठ्या रुग्णाचा तो हक्क आहे.

मुलग्यांच्या बाबतीतही एक गैरसमज आहे. सीएफ असलेल्या बहुतेक पुरुषांत शुक्रवाहिनी नसल्यामुळे नैसर्गिक रीतीने मूल होत नाही. त्याचा अर्थ पुरुषी हार्मोन कमी आहे असा नाही. पण काहींत टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असते आणि हाडे त्याने झिजतात. सकाळी रक्त देऊन ते मोजता येते.

व्यायाम कोणता?

शरीराचा भार हाडांवर पडेल असा. चालणे, जिने चढणे, बॅडमिंटन, दोरीच्या उड्या, नवरात्रातला गरबा, हलकी वजने उचलणे. सायकल आणि पोहणे फुप्फुसांना उत्तम, पण हाडांना त्यांचा फारसा लाभ नाही. नेहरू पार्कात सकाळी फेऱ्या मारणारे पुष्कळ आहेत, त्यांत सामील व्हा. उन्हाळ्यात पहाटे, आणि सोबत मीठ-साखरेचे पाणी.

हाडांची घनता बरीच कमी असेल किंवा मणका दबला असेल तर कंबरेतून खोल पुढे वाकण्याची आसने टाळा: पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातले पूर्ण वाकणे. त्यात मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब येतो. योगशिक्षकांना आधी सांगा. आपल्या मनाने करू नका.

हाडांची औषधे कधी सुरू करतात?

साध्या कारणाने हाड मोडले असेल, घनता फार कमी असेल, झपाट्याने घटत असेल किंवा प्रत्यारोपण जवळ असेल तेव्हा. औषधे बहुतेक हाडांची झीज रोखणाऱ्या बिसफॉस्फोनेट गटातली: आठवड्याची अॅलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक अॅसिड. सीएफमध्ये यांनी घनता वाढते हे दिसले आहे. हाडे मोडणे किती कमी होते याचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे, कारण अभ्यासांत रुग्णच थोडे होते.

गोळी सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. सीएफमध्ये छातीत जळजळ खूप जणांना असते. त्यांना ही गोळी झेपत नाही. शिरेतल्या औषधानंतर एक-दोन दिवस ताप आणि हाडांत तीव्र दुखणे येऊ शकते, आणि सीएफच्या रुग्णांत ते जास्त जाणवते. म्हणून छातीचा संसर्ग बळावलेला असताना ते देऊ नये. आधी डी जीवनसत्त्व भरून काढायचे, नाहीतर कॅल्शियम धोकादायक घसरते. दात दाखवून घ्यायचे; काढायचा असेल तो आधीच काढायचा. आणि ही औषधे हाडात वर्षानुवर्षे राहतात, म्हणून मूल हवे असलेल्या मुलींनी आधी बोलावे.

नव्या मॉड्युलेटर औषधांनी हाडे सुधारतात का?

बिघडलेल्या सीएफटीआरवरच काम करणारी ही औषधे. आयव्हाकाफ्टर २०१२ ला आणि तीन औषधांचे मिश्रण २०१९ ला अमेरिकेत मंजूर झाले. वजन वाढते, संसर्ग कमी होतात, म्हणजे हाडांनाही फायदा व्हावा, आणि आयव्हाकाफ्टरवर काही रुग्णांची घनता वाढलेली दिसली आहे. पण आपल्याकडे ती फारच थोड्यांच्या आवाक्यात आहेत, आणि शिवाय भारतीय रुग्णांत जनुकातले बिघाड युरोपपेक्षा वेगवेगळे असल्याने प्रत्येकाला लागू पडतीलच असे नाही. औषध चालू असले तरी डेक्सा सुटत नाही.

इंदूरला यासाठी कोणाकडे जायचे?

सीएफचे मुख्य डॉक्टर बहुतेकांचे दिल्लीला किंवा मुंबईला असतात आणि भेट वर्षा-सहा महिन्यांनी होते. त्यात हाडांचा विषय शेवटी येतो, किंवा राहूनच जातो. छातीचे डॉक्टर म्हणतात हाडांच्या डॉक्टरांना विचारा, हाडांचे डॉक्टर म्हणतात मोडले की या. माझे मत असे की इथल्या एका एंडोक्रिनोलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, धरून ठेवावे. डी, हार्मोन, साखर आणि हाडांची घनता या चारही गोष्टी त्यांच्याच विषयातल्या, आणि सीएफमधल्या मधुमेहासाठी वर्षाला ग्लुकोज पिऊन करायची तपासणीही तेच पाहतील. सरकारी एमवाय हॉस्पिटलच्या ओपीडीत गेलात तर सीएफ म्हणजे काय हे समजावणारा मुख्य डॉक्टरांचा एक कागद सोबत असू द्या. नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनी मोठ्या वयाचा सीएफचा रुग्ण कदाचित पाहिलेला नसतो.

फाइलमध्ये काय ठेवायचे?

पहिल्या पानावर एक तक्ता: वर्ष, उंची, वजन, झेड-स्कोअर मणक्याचा आणि खुब्याचा, डीची पातळी, त्या वर्षी स्टेरॉइड किती दिवस, काही मोडले का. उंची दरवर्षी भिंतीला पाठ लावून, अनवाणी मोजा. दोन सेंटिमीटर कमी भरली तर मणक्यांचा एक्स-रे. डेक्साच्या छापील कागदाबरोबर सीडीही मागून घ्या, कारण दिल्लीच्या डॉक्टरांना मूळ प्रतिमा पाहायच्या असतात आणि काही केंद्रे त्या थोड्याच वर्षांनी पुसून टाकतात.